वीज पडून दोन म्हशी आणि एक बैल गेला, बैलाच्या कानात बिल्ला नव्हता, सरकारी मदत मिळेल का?

घणसोलीकर:

नमस्कार मंडळी, मी घणसोलीला राहतो, नोकरी महापेला, पण गाव ठाणे जिल्ह्यातच आहे, घाटाच्या पायथ्याला. घरची गुरं सगळी काका-काकू बघतात. त्यांच्यासाठी विचारतोय, कारण त्यांना मोबाईलवर फक्त फोन घेता येतो.

जूनमध्ये मृगाच्या पहिल्या पावसात दुपारी चारच्या सुमारास आमच्या बांधावरच्या आंब्यावर वीज पडली. खाली दोन म्हशी बांधलेल्या होत्या आणि दहा-बारा फुटांवर बैल होता, तिन्ही जागेवर गेली. काका पाच मिनिटं आधी घरात इरलं आणायला आले होते म्हणून वाचले. धारेची वेळ झाली होती, म्हशींची कास भरलेली, काकू किटली घेऊनच धावत गेली होती आणि ती किटली हातात तशीच धरून रात्रीपर्यंत आंब्याखाली बसून होती. दोन्ही मिळून रोजचं चौदा लिटर दूध होतं, तालुक्याच्या गावात एका मिठाईवाल्याला रतीब होता, त्यावरच घर चालायचं. बैल डांगी जातीचा, म्हसा गावच्या जत्रेतून आणलेली जोडी होती, आता एकच राहिलाय आणि एका बैलावर नांगर चालत नाही.

तलाठी दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पंचनामा करून गेले, डॉक्टर त्याच संध्याकाळी आले होते, तिघांचंही पीएम म्हणजे शवविच्छेदन केलं, मग जेसीबी बोलावून मीठ-चुना टाकून पुरलं. त्याला घराला दीड-दोन महिने पुरेल एवढा खर्च आला, तो वेगळाच. म्हशींच्या कानात नोंदणीचे पिवळे बिल्ले होते. बैलाचा बिल्ला मागच्या पावसाळ्यात कुंपणाच्या तारेत अडकून कान फाटून पडला होता आणि काकांनी परत मारून घेतला नाही. आता अडीच महिने झाले. ऑफिसात चौकशी केली तर कळलं की बैलाला बिल्ला नाही म्हणून त्रुटी काढून फाईल परत आली, आणि म्हशींचा प्रस्ताव पण त्याच फाईलमध्ये असल्याने तो पण थांबलाय. त्यात ई-केवायसीला काकांचा अंगठाच उमटत नाही, दोनदा सेतूमध्ये जाऊन आलो, मशीन लालच दाखवतं.

काका म्हणतात जाऊ दे रे, बैलाचं सोड, म्हशींचं तरी येऊ दे. पण मला नाही सोडायचं, कारण वीज काय बिल्ला बघून पडली नव्हती. किती मदत असते नेमकी, बैलाची मिळू शकते का आणि आता नेमकं कुठे जायचं, कोणाला माहीत असेल तर प्लीज सांगा.

भातसाकाठ:

दादा, वाचून फार वाईट वाटलं. मी पशुसंवर्धन खात्यात पर्यवेक्षक होतो, आता रिटायर आहे, शहापूर तालुक्यात बरीच वर्षं काढली. विजेने मेलेल्या गुरांची पीएम मी पंचवीस-तीस तरी बघितली असतील. गुरांना वीज माणसापेक्षा जास्त लागते त्याचं कारण असं की ती झाडावर पडून जमिनीत पसरते आणि जनावराचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात, त्यामुळे करंट एका पायातून चढून छातीतून दुसऱ्या पायाने उतरतो. तुमचा बैल दहा फुटांवर होता तरी गेला तो त्यामुळेच. अशा वेळी अंगावर भाजल्याची खूण असतेच असं नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण पीएमच्या कागदावर डॉक्टरांनी काय लिहिलंय ते तुम्ही स्वतः वाचा. पंचनाम्यात 'वीज पडून' आणि पीएममध्ये 'कारण अस्पष्ट' असं असेल तर पुढच्या टेबलावर पुन्हा अडकणार. तसं असेल तर आत्ताच डॉक्टरांना भेटून परिस्थितीजन्य खुणांसह खुलासा लिहून घ्या, झाड जळलेलं होतं, बाजूच्या दोन म्हशी त्याच वेळी गेल्या वगैरे.

आता रक्कम. आपत्ती निधीचे जे निकष २०२२ पासून लागू झाले त्यात दुधाळ गाय किंवा म्हैस असेल तर ३७,५०० रुपये, ओढकामाचा बैल असेल तर ३२,०००, वासरू २०,०००, शेळी-मेंढी ४,००० आणि कोंबडी १०० रुपये, पण कोंबड्यांना घरटी १०,००० ची मर्यादा. आधी हेच ३०,०००, २५,००० आणि शेळीला ३,००० होते. मोठी दुधाळ जनावरं तीनपर्यंत, मोठी ओढकामाची तीनपर्यंत, त्यामुळे संख्येची अडचण तुम्हाला नाही. वीज पडणं ही आपल्या राज्याने आपत्तीत धरलेली आहे, त्यामुळे तोही प्रश्न नाही. हिशेब केला तर दोन म्हशींचे ७५,००० आणि बैलाचे ३२,०००, म्हणजे १,०७,००० होतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये मराठवाड्याच्या पुरानंतर जे पॅकेज जाहीर झालं त्यात तीन जनावरांची मर्यादा काढली होती, गावात कोणी त्याचा हवाला दिला तर तो त्या वेळच्या पुराचा आहे हे लक्षात ठेवा.

बिल्ल्याचं म्हणाल तर नियम कडक आहे. १ जून २०२४ पासून कानात टॅग नसेल तर नैसर्गिक आपत्ती, विजेचा धक्का किंवा वन्यप्राण्याचा हल्ला यात मेलेल्या जनावराची भरपाई द्यायची नाही असं सरकारने ठरवलंय, ऑफिसवाल्यांनी ते मनाने काढलेलं नाही. पण तुमच्या बैलाची गोष्ट वेगळी आहे, त्याला टॅग कधी मारलाच नव्हता असं नाही, मारलेला होता आणि पडला. टॅग म्हणजे नुसतं प्लास्टिक नव्हे, त्यावर बारा आकडी नंबर असतो आणि तो मालकाच्या नावावर भारत पशुधन प्रणालीत चढवलेला असतो. लाळ्या-खुरकूतची लस टोचताना त्याच नंबरावर नोंद होते. तेव्हा गुरांच्या दवाखान्यात जा, काकांचं नाव आणि मोबाईल द्या आणि त्यांच्या नावावर किती जनावरं चढलेली आहेत ते बघायला सांगा. बैल त्यात असणार. त्याची प्रिंट, पीएम रिपोर्टची प्रत आणि फाटलेल्या कानाचा फोटो असेल तर तो, हे सगळं एका अर्जाला जोडून द्या. पीएमच्या वेळी काढलेल्या फोटोत उजवा-डावा कान दिसतोय का तेही बघा.

आणि त्याच अर्जात एक ओळ न विसरता टाका की म्हशींचा प्रस्ताव स्वतंत्र करून पुढे पाठवावा. एका जनावराच्या त्रुटीसाठी दुसऱ्या दोघांचे पैसे थांबवण्याचं कारण नाही.

तबेलावाला कल्याण:

काकूंना आमचा नमस्कार सांगा भाऊ. किटलीचं वाचलं आणि पुढचं बराच वेळ वाचता आलं नाही. आमचा तबेला खाडीकाठी आहे, २००५ च्या २६ जुलैला वडिलांनी दावणी कापून म्हशी सोडल्या होत्या, ज्या सोडता आल्या त्या वाचल्या. तेव्हापासून आमच्याकडे दावणीला गाठ मारत नाहीत, कडी लावतात, एका हाताने सुटली पाहिजे. अजूनही दर पावसाळ्यात भरतीला पाऊस लागला की आमच्या इथल्या म्हशी वर रस्त्याला आणून बांधाव्या लागतात.

मला एकच सांगायचंय की ३७,५०० मध्ये म्हैस येत नाही. आज चांगली दुसऱ्या वेताची मुऱ्हा घ्यायला गेलं तर लाखाच्या पुढेच बोलणं सुरू होतं, जाफराबादी तर त्याहून वर. म्हणजे सरकारची मदत आली तरी काकांना एका म्हशीच्या जागी तिसरा हिस्सा म्हैस मिळते. आणि मधले अडीच महिने रतीब दुसऱ्याने धरला, तो परत मिळवायला वेगळं नाक घासावं लागतं. मिठाईवाला थांबत नाही, त्याला रोज सकाळी दूध पाहिजे. त्यामुळे मदत मिळवाच, पण पुढच्या जनावराला विमा काढल्याशिवाय गोठ्यात बांधू नका. राष्ट्रीय पशुधन अभियानात फेब्रुवारी २०२४ पासून शेतकऱ्याने हप्त्याचा १५ टक्केच हिस्सा भरायचा आहे, बाकीचा केंद्र आणि राज्य भरतं, आणि घरटी दहा मोठ्या जनावरांपर्यंत चालतं, दहा शेळ्या म्हणजे एक मोठं जनावर धरतात. विमा काढताना पण बिल्ला लागतोच. आमच्याकडे पूर्वी लोक बिल्ल्याला नाही म्हणायचे, कान पिकतो, माशा बसतात, दूध कमी होतं. दोन-चार दिवस हळद-तेल लावा, भरून येतं.

आणि ते राहिलेलं पारडू असेल ना? ते कसं आहे?

घणसोलीकर:

पारडू आहे, दोन महिन्यांचं होतं तेव्हा. बाटली तोंडात घेत नव्हतं, काकूने बोट दुधात बुडवून चाटवलं चार दिवस, विकत आणलेलं दूध. आता गवत खायला लागलंय.

भातसाकाठ काका, पीएमचा कागद बघितला. म्हशींच्या कागदावर 'विजेच्या धक्क्याने' आहे, बैलाच्या कागदावर 'विजेच्या धक्क्याने मृत्यूची शक्यता' असं आहे. शक्यता हा शब्द चालतो का?

भातसाकाठ:

चालायला पाहिजे, पण भांडायला जागा ठेवू नका. डॉक्टरांकडून एका ओळीचा खुलासा घ्या. ते देतील, कारण पीएम करताना त्यांनी ते झाड डोळ्यांनी बघितलेलं आहे. बोलताना आवाज चढवू नका, तालुक्यात मोजकेच डॉक्टर असतात आणि पावसाळ्यात त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो, हे मी आतून बघितलंय.

तानसावाडी:

माझा थोडा वेगळा अनुभव आहे पण सांगतो, कारण कोणीतरी तुम्हाला हा सल्ला देणारच. आमच्याकडे शेळ्या आहेत, जंगलाला लागून घर. मागे शेजाऱ्याच्या सात शेळ्या पावसात ओढ्याला वाहून गेल्या. शेळीला आपत्तीतून ४,००० मिळतात आणि बिबट्याने मारली तर वनखात्याकडून ऑगस्ट २०२२ च्या जीआरप्रमाणे १५,००० पर्यंत मिळतात, मोठ्या जनावराला बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७०,००० यातलं जे कमी ते. फरक बघा केवढा आहे. तर गावातल्या एकाने शेजाऱ्याला सांगितलं की दोन शेळ्यांच्या मानेला खुणा करून ठेव आणि बिबट्या सांग. त्याने ऐकलं नाही आणि ते बरं झालं. वनखात्याची माणसं दातांच्या खुणांमधलं अंतर मोजतात, ओढत नेल्याचा माग बघतात, पावलं बघतात. खोटं निघालं की पुढच्या वेळी खरा बिबट्या आला तरी त्या घरावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि आमच्याकडे खरा बिबट्या येतो. बिबट्याने जनावर मारलं की ४८ तासांच्या आत वनरक्षकाला किंवा जवळच्या ऑफिसला कळवायचं असतं आणि पंचनामा होईपर्यंत मढं हलवायचं नसतं, एवढं आमच्याकडे आता पोरासोरांना पाठ आहे.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. शेळी ती शेळीच ना. ओढ्याने नेली काय आणि बिबट्याने नेली काय, घरातली बाई तितकीच रडते. शेजाऱ्याच्या सातपैकी तीनच सापडल्या, चार खाली कुठे गेल्या कोणाला माहीत, मढं नाही म्हणून पीएम नाही आणि पीएम नाही म्हणून पैसे नाहीत. ज्याचं नुकसान पूर्ण वाहून गेलं त्याला काहीच नाही. मग आम्ही ग्रामपंचायतीत ठराव करून घेतला, गुराख्याचा आणि दोन साक्षीदारांचा जबाब पंचनाम्यात लिहून घेतला आणि वाहून गेलेल्या चौघींपैकी ज्यांना टॅग होता त्यांचे नंबर त्यात टाकले. त्या चारपैकी दोघींचे पैसे आले, दोघींना टॅग नव्हता, त्या राहिल्या.

कोपरखैरणे सेतू:

ई-केवायसीचं मी सांगतो, रोजचं काम आहे माझं. मदतीच्या यादीत नाव आलं की प्रत्येकाला एक विशिष्ट क्रमांक मिळतो, यादी तलाठ्यांकडे किंवा ग्रामपंचायतीत लावतात. तलाठी म्हणजे आता ग्राम महसूल अधिकारी झालेत, बोर्डावर तेच नाव दिसेल. तो क्रमांक आणि आधार घेऊन कुठल्याही आपले सरकार केंद्रात गेलं तरी केवायसी होते, गावातच पाहिजे असं नाही, काकांना तुमच्याकडे आणलंत तर इथेही होईल. पण आधी विचारा की त्यांचा क्रमांक आलाय का, कारण फाईल परत गेलीय म्हणताय तर यादीत नाव असण्याची शक्यता कमी आहे. सेतूवाल्याने कदाचित दुसऱ्याच कुठल्या योजनेची केवायसी करून बघितली असेल.

अंगठ्याचं म्हणाल तर शेण काढणाऱ्या, भात लावणाऱ्या माणसांचे ठसे झिजलेले असतात, माझ्याकडे आठवड्याला चार-पाच जण असे येतात. काय करायचं, आदल्या रात्री दोन्ही हातांना खोबरेल चोळून झोपायचं, सकाळी साबणाने धुवायचे, मशीनवर अंगठाच नाही तर दहाही बोटं लावून बघायची, बऱ्याचदा डाव्या हाताची अनामिका चालून जाते. तरी नाही झालं तर आधारला जो मोबाईल लिंक आहे त्यावर ओटीपी मागवायचा. काकांचा लिंक नसेल तर आधी आधार केंद्रात जाऊन तो लिंक करा आणि त्याच फेरीत ठसे पण अपडेट करून घ्या.

अजून एक, पैसे तुम्ही दिलेल्या पासबुकावर येतीलच असं नाही, आधारला जी बँक शेवटची जोडलेली आहे तिकडे जातात. मागे ऐरोलीचा एक मुलगा आला होता, वडिलांचे पैसे आले आले म्हणून मेसेज, पासबुकात काहीच नाही, शेवटी कळलं की कधीतरी मजुरीसाठी उघडलेल्या जुन्या खात्यात गेलेत आणि ते खातं व्यवहार नाहीत म्हणून बंद पडलंय. तेव्हा बँकेत जाऊन आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते एकदा बघून घ्या.

तबेलावाला कल्याण:

दहाही बोटं लावायची हे मला पण माहीत नव्हतं, आमच्या म्हाताऱ्यांना तीनदा परत पाठवलंय. उद्याच नेतो.

वांगणीची ताई:

मी उल्हास नदीच्या काठची, २०१९ च्या जुलैमध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती ना बदलापूर-वांगणीच्या मध्ये, तेव्हा सगळी टीव्हीवाली माणसं रुळावर होती आणि आमच्या गोठ्यात छातीइतकं पाणी होतं. आमची गाय आणि कालवड गेली. मदत मिळाली, उशिरा पण मिळाली. मला त्यातून जे कळलं ते असं की सगळं पहिल्या दिवसावर असतं. पहिल्या दिवशी माणूस रडत असतो, चूल पेटलेली नसते, आणि त्याच दिवशी फोटो काढायचे, तलाठ्याला फोन करायचा, १९६२ ला फोन करून डॉक्टर मागवायचा, मढं पुरायची घाई करायची नाही, हे सगळं करावं लागतं. ज्याचं जनावर गेलं तो हे करूच शकत नाही. आमच्याकडे माझा दीर डोंबिवलीहून आला आणि त्याने केलं. तुमच्यासारखी मुलं जी ठाण्याला, नवी मुंबईला आहेत त्यांनी हे काम आपलं म्हणून घ्यायला पाहिजे. काका-काकूंनी पोटाला चिमटा घेऊन शिकवलंय, त्याचं एवढं तरी.

तालुक्याला तिसऱ्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तिथे लेखी द्या, तारीख लागते आणि उत्तर द्यावं लागतं. दिलेल्या प्रत्येक कागदाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका.

आणि मोबाईलवर दामिनी ॲप टाकून द्या घरात, पुण्याच्या हवामान संस्थेने केलंय, आसपास वीज पडायची शक्यता असेल तर आधी सांगतं. काकांना येत नसेल तर शेजारच्या कोणाच्या तरी फोनमध्ये टाकून द्या, म्हणजे ते त्यांना सांगतील.

घणसोलीकर:

उशीर झाला उत्तर द्यायला, नऊ दिवस झाले. रजा टाकून गावी गेलो होतो.

दवाखान्यात काकांचा मोबाईल नंबर सांगितल्यावर पाच जनावरं निघाली त्यांच्या नावावर, बैल होता त्यात, बारा आकडी नंबरासकट, आणि लाळ्या-खुरकूतची लस टोचल्याची तारीख पण होती. डॉक्टरांनी लगेच प्रिंट दिली, आणि 'शक्यता' शब्दाचं सांगितल्यावर स्वतःच म्हणाले की मी खुलासा देतो, मला आंबा आठवतोय उभा चिरलेला. पीएमच्या फोटोत फाटलेला कान स्पष्ट दिसतोय. हे सगळं जोडून अर्ज दिला, म्हशींचा प्रस्ताव वेगळा करा म्हणून त्यातच लिहिलं, शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. टेबलावरच्या बाईंनी वाचून बघितलं आणि म्हणाल्या म्हशींचं या आठवड्यात पुढे पाठवते, बैलाचं साहेबांना दाखवून ठरेल. बरोबर होतं सेतूवाल्या दादांचं, यादीत नावच नव्हतं, म्हणजे विशिष्ट क्रमांकच नव्हता, आम्ही उगाच अंगठा लावत बसलो होतो. आधारला मोबाईल लिंक करून आलो, ठसे पण नवीन दिले, डाव्या हाताचं मधलं बोट पहिल्या झटक्यात लागलं. बँकेत विचारलं तर आधार काकांच्या चालू खात्यालाच जोडलेलं आहे.

वांगणीच्या ताई, तुमचं वाचून एक केलं. रविवारी पर्यवेक्षकांना वाडीवर बोलावलं, आमच्या आळीतल्या आठ घरांतल्या बिनबिल्ल्याच्या एकोणीस जनावरांना बिल्ले मारून घेतले. काकूने आमच्या पारडाला स्वतः धरलं, मारताना एकदाच ओरडलं, मग तिच्या पदराला तोंड घासत उभं राहिलं. प्रत्येक घराच्या नंबरांची यादी मी माझ्या फोनमध्ये ठेवलीय आणि एक कागद ग्रामपंचायतीत दिलाय.

पैसे आले की कळवतो. बैलाचं नाही म्हणाले तर लोकशाही दिनाला अर्ज घेऊन जाणार आहे, त्या अर्जात काय लिहायचं ते भातसाकाठ काकांनी जरा सांगितलं तर बरं होईल.

भातसाकाठ:

मसुदा करून ठेवतो, संध्याकाळपर्यंत इथे टाकतो. टॅग नंबर अर्जात आकड्यातही लिहा आणि अक्षरातही लिहा.